कीबोर्ड घ्या, पण आधी उजव्या करंगळीला विचारा

वाचकांचे प्रश्न, टायपिंगच्या बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की पानभर मराठी फोनच्या काचेवर लिहिणं हे बोटांवर अन्यायाचं काम आहे, बाहेरून कीबोर्ड जोडा. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये एकच विचारणा आहे: जोडा म्हणता, पण कोणता? साताऱ्यात टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवली, तेव्हा हा प्रश्न कधी आला नाही. मशीन समोर असायचं, मुलं त्यावर बसायची. आता बाजारात रबरी, घडीचे, गोल बटणांचे, रंगीत दिव्यांचे असे कीबोर्ड आहेत आणि दुकानदार इंग्रजीत चार अक्षरं उमटवून दाखवतो. त्याने ‘हॅलो’ लिहून दाखवलं म्हणजे तुमची ओवी लिहून होईल असं नाही.

बाई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. आई आणि आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या वह्यांमध्ये उतरवून ठेवल्या होत्या, त्या आता फोनवर लिहून काढते आहे. अंगठा इतका दुखतो की पोळ्या लाटतानाही कळ येते. दुकानदार घडीचा कीबोर्ड दाखवतो, मुलगा म्हणतो कुठलाही ब्लूटूथवाला घे, भाची म्हणते टॅबच घे. मला टायपिंग येत नाही. काय करू? — वाई

बाई, तुम्ही शाळेतल्या बाई, मी टायपिंगच्या वर्गातली, तेव्हा थोडं बाईपणाने बोलते. अंगठा डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर काचेवर अंगठ्याने लिहिणं बंद. वह्या कुठे पळून जात नाहीत.

आता तो घडीचा कीबोर्ड. पर्समध्ये मावतो, उघडला की बघणारे ‘अरे वा’ म्हणतात. ही हौस जुनी आहे. पाम पायलट या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकाच्या जमान्यात, १९९९-२००० च्या सुमाराला, ‘स्टोअवे’ नावाचा चार घड्यांचा कीबोर्ड निघाला होता आणि तो खरोखर चांगला होता, कारण उघडल्यावर त्याची बटणं पूर्ण आकाराची होती. आज स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच घडीच्या कीबोर्डांत तसं नसतं. जागा वाचवायला ते उजवीकडची बटणं अर्धी करतात, नाहीतर दोन बटणांचं एक करून दुसरं अक्षर ‘एफएन’ या जादा बटणाच्या खाली ढकलतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचं काही बिघडत नाही, त्याची सव्वीस अक्षरं मधल्या मध्ये बसलेली असतात. आपलं बिघडतं.

का, ते सांगते. मराठीसाठी कीबोर्डावरच्या अक्षरांची सरकारमान्य रचना आहे ती इनस्क्रिप्ट. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती दिली आहे आणि संगणकात मराठीसाठी आयती मिळते ती बहुधा हीच. तिच्यात स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आपली अक्षरं सव्वीसांत मावत नाहीत, म्हणून ती ‘पी’ आणि ‘एल’च्या पलीकडे, विरामचिन्हांच्या बटणांवर सांडतात. अर्धविरामाच्या बटणावर च आणि छ. त्याच्या शेजारी अवतरणाच्या बटणावर ट आणि ठ. ‘पी’च्या पुढच्या चौकटी कंसावर ड आणि ढ. उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर ‘कॉफी’तला ऑ. म्हणजे ज्या बटणांवर कारखानदार कात्री चालवतो, नेमकी तीच आपली. ही सगळी उजव्या करंगळीच्या वाट्याची आहेत.

म्हणून दुकानात गेलात की ‘डॉक्टर’ हा शब्द बोटांनी चाचपून बघा. ड कंसावर, ऑची मात्रा तिरक्या रेघेवर, क ‘के’वर, हलन्त म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण ‘डी’वर, ट अवतरणाच्या बटणावर, र ‘जे’वर. सहा ठोक्यांतले तीन उजव्या काठावर पडतात. ती तीन बटणं बाकीच्यांइतकीच मोठी आणि आपापल्या जागी असली, तर कीबोर्ड पहिल्या परीक्षेत पास.

दुसरी परीक्षा ‘आई’ची. नुसता आ, ई, अ, इ, उ, ए हे सगळे सुटे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर आहेत, पण शिफ्ट दाबून. डाव्या हाताचं अक्षर असलं की शिफ्ट उजव्या हाताने दाबायची, हा टायपिंगचा पहिला धडा. म्हणजे ‘आई’ लिहिताना उजवी शिफ्ट दोन्ही अक्षरांना लागते. ‘दळण’ लिहायचं तर द सरळ, ळ ला डावी शिफ्ट, ण ला उजवी. आणि लहान कीबोर्डांवर वरच्या बाणाला जागा करून देण्यासाठी उजव्या शिफ्टचाच बळी जातो, ती उरते नखाएवढी. मग दर चौथ्या शब्दाला शिफ्टऐवजी बाण दाबला जातो, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि ओवीचा उत्तरार्ध पूर्वार्धात जाऊन बसतो. उजवी शिफ्ट निदान दोन बटणांएवढी लांब हवी. मी तर कीबोर्ड हातात घेतला की आधी तिच्याकडेच बघते, ब्रँड नंतर.

तिसरी गोष्ट मापाची. पर्समध्ये शाळेची पट्टी घेऊन जा, तुम्हाला ते शोभेल. ‘क्यू’च्या डाव्या कडेपासून ‘पी’च्या उजव्या कडेपर्यंत साधारण १९ सेंटिमीटर भरले पाहिजेत. दहा बटणं, प्रत्येकाला जवळपास १९ मिलिमीटर, हे टेबलावरच्या कीबोर्डाचं नेहमीचं माप. साडेसतरापर्यंत चालवून घ्या. सोळावर आलं तर ते नातवाला द्या.

पण हे सगळं पास झालं तरी पैसे इतक्यात काढू नका. कीबोर्ड स्वतः मराठी किंवा इंग्रजी नसतो. तो फोनला एवढंच कळवतो की अमुक जागेचं बटण दाबलं. त्याचा क करायचा की ‘के’, ते फोन ठरवतो. आणि तुमच्या फोनच्या काचेवर मराठी कीबोर्ड येतो म्हणून बाहेरून जोडलेल्यावरही मराठी येईल असं नाही. अँड्रॉइडमध्ये त्या दोन वेगळ्या सोयी आहेत, फोनागणिक फरक पडतो, आणि कीबोर्ड घरी आणून ‘यात मराठी येतच नाही’ म्हणणाऱ्यांचं घोडं बहुतेक इथेच अडलेलं असतं.

याची तपासणी जवळपास फुकटात होते. शेजाऱ्याच्या संगणकाचा साधा वायरवाला कीबोर्ड तासभर मागून आणा. फोनच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा ओटीजी अडॅप्टर मोबाइलच्या दुकानात शंभर-दीडशेला मिळतो. तो लावून कीबोर्ड जोडला की सेटिंग्जमध्ये भाषा आणि इनपुटच्या खाली ‘फिजिकल कीबोर्ड’ असं पान उघडतं. जोडल्याशिवाय त्यात काही दिसत नाही, म्हणून आधी शोधत बसू नका. तिथे मराठी आहे का बघा. मराठी नसून हिंदी असेल तरी चालेल, इनस्क्रिप्टमध्ये ळ तिथेही ‘एन’वर शिफ्टने येतो. दोन्ही नसेल तर बाहेरून कीबोर्डचं ॲप घ्यावं लागेल, आणि घेताना ते बाहेरच्या कीबोर्डावर मराठी देतं का तेही याच मागून आणलेल्या कीबोर्डावर बघून घ्या. मात्र असं ॲप चालू करताना फोन इशारा देतो की हे ॲप तुम्ही लिहिलेलं सगळं वाचू शकतं. तो इशारा खरा असतो. ओव्या लिहा, बँकेचा पासवर्ड त्यातून लिहू नका. भाचीच्या सल्ल्याप्रमाणे टॅब घेणार असाल आणि तो आयपॅड असेल, तर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड या वाटेने ‘हार्डवेअर कीबोर्ड’ हे पानही असंच जोडल्यावर दिसतं, आणि कंट्रोल धरून स्पेस दाबलं की भाषा बदलते.

टॅब की फोन, यात मी भाचीच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. कीबोर्ड मध्ये आला की पडदा हातभर लांब जातो. फोनवरचं अक्षर त्या अंतरावरून वाचायला तुम्ही पुढे वाकाल, आणि अंगठ्याचं दुखणं मानेत जाईल. टॅब नकोच असेल तर फोन जाड पुस्तकांवर उभा करून डोळ्यांच्या जवळपास आणा आणि अक्षर मोठं करा.

राहिलं टायपिंग येत नाही हे. ते तुम्हाला माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या पोरांपेक्षा लवकर येईल, कारण तुम्ही मुळाक्षरं शिकवली आहेत. इनस्क्रिप्ट बाराखडीच्या डोक्याने बसवलेली आहे. बोटं ठेवायच्या ओळीत क, त, च, ट आणि प. प्रत्येकाच्या डोक्यावर, वरच्या ओळीत, त्याच वर्गाचं तिसरं अक्षर: क च्या वर ग, त च्या वर द, च च्या वर ज, ट च्या वर ड, प च्या वर ब. शिफ्ट दाबली की ख, थ, छ, ठ, फ आणि घ, ध, झ, ढ, भ. डावीकडे ऱ्हस्व वेलांटीच्या डोक्यावर दीर्घ, ऱ्हस्व उकाराच्या डोक्यावर दीर्घ, एका मात्रेच्या डोक्यावर दोन मात्रा. हा तक्ता एकदा फळ्यावर काढल्यासारखा कागदावर काढा आणि भिंतीला लावा. बटणांवर चिकटवायचे देवनागरी स्टिकर मिळतात, पण ते लावलेत की नजर बोटांवरच राहते. भिंतीकडे बघावं लागलं तर बोटं आपोआप शहाणी होतात.

ओव्यांत ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ येणारच. तिथला तो अर्धा र साध्या र ने काढायला गेलात तर ‘दर्या’ होऊन समुद्र येईल. ‘जे’वर शिफ्ट दाबून टिंबाचा ऱ, मग हलन्त, मग य.

मी मराठी ४० (मिनिटाला चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा) पास आहे, कोर्टात टंकलेखक होतो. बोटं अजून टाइपरायटरच्या जागांवरच पळतात. टॅबला कीबोर्ड जोडून त्याच वेगाने लिहिता येईल का? — लातूर

कीबोर्ड जोडता येईल, वेग मिळणार नाही. तुमची बोटं रेमिंग्टनची, म्हणजे टाइपरायटरवरच्या रचनेची, आणि फोन-टॅबमध्ये बाहेरच्या कीबोर्डासाठी आयती रेमिंग्टन मिळत नाही. तुम्ही संगणकावर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये लिहीत असाल तर आणखी एक खोच आहे: कृतिदेवमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून त्यांना मराठीचा अंगरखा घातलेला. ते व्हॉट्सॲपवर चिकटवलं की अंगरखा गळून पडतो आणि समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. हवं ते युनिकोड, ज्यात आतही मराठी अक्षरंच असतात.

विंडोजच्या लॅपटॉपवर रेमिंग्टनच्या जागांनी युनिकोड लिहायची साधनं मिळतात. तुमच्या वेगाची किंमत मला माहीत आहे. तो पैदा करायला काय लागतं ते मी रोज पाहिलं आहे. तेव्हा टॅबच्या कीबोर्डावर पैसे घालण्यापेक्षा एक साधा जुना लॅपटॉप बघा आणि त्याला चांगला, खोल बटणांचा कीबोर्ड जोडा.

टॅबवरच लिहायचं असा हट्ट असेल तर इनस्क्रिप्ट नव्याने शिकावी लागेल, आणि तुमची अडचण जागांची नसेल, क्रमाची असेल. मशीनवर आपण ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी मारायचो आणि मग क, कारण कागदावर ती आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. ‘गर्व’मध्ये आपण ग, व आणि शेवटी रफार ठोकायचो. इथे ग, र, हलन्त, व. म्हणजे जसं उच्चारतो तसं. ज्यांना टायपिंग मुळीच येत नाही त्यांना हे सोपं जातं, आणि ४० पास झालेल्यांची पहिला महिना चिडचिड होते. पहिल्या महिन्यात कुणाला पत्र लिहू नका, एवढंच सांगते.

वडिलांचे हात थरथरतात, पार्किन्सन्स आहे. ते आयुष्यभर डायरी लिहीत आले. आता पेन धरवत नाही. टॅबवर एका अक्षराच्या जागी तीन उमटतात. त्यांच्यासाठी कोणता कीबोर्ड? — नागपूर

त्यांच्यासाठी पातळ, नाजूक, देखणा कीबोर्ड अजिबात नको. लॅपटॉपसारख्या चपट्या बटणांवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटतं. त्यांना हवा ऑफिसातला जुन्या धाटणीचा, मोठ्या बटणांचा, वायरवाला कीबोर्ड. ज्याचं बटण खाली जायला जागा घेतं आणि थोडा विरोध करतं. चार-पाचशे रुपयांत मिळतो. ओटीजी अडॅप्टरने टॅबला लागतो. वायरवाला यासाठी की मधेच झोपत नाही. ब्लूटूथवाला काही मिनिटं हात लागला नाही की बॅटरी वाचवायला झोपतो, आणि उठताना पहिलं अक्षर खातो. थरथरत्या हाताला ते पुन्हा दाबायला लावणं बरं नाही. वजनाने हलका असेल तर खाली रबरी जाळीचा तुकडा घाला, ताटाखाली घालतात तसला, म्हणजे सरकणार नाही.

त्यावर बसवायला भोकांची पाटी असते, इंग्रजीत तिला कीगार्ड म्हणतात. प्रत्येक बटणावर एक भोक. हात पाटीवर टेकवून ठेवायचा आणि बोट भोकातून खाली घालायचं. शेजारचं बटण चुकून दाबलं जात नाही. तयार मिळाली नाही तर नावाच्या पाट्या लेझरने कापून देणारे असतात, त्यांच्याकडे कीबोर्ड घेऊन जा आणि ॲक्रिलिकच्या पत्र्यात भोकं पाडून घ्या.

पण खरा फरक सेटिंगने पडेल. आयपॅडवर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड्स. तिथे ‘की रिपीट’ बंद करा, म्हणजे बोट बटणावर राहिलं तरी एकच अक्षर येईल. एकाच अक्षराची रांग लागते ती बऱ्याचदा यामुळे. ‘स्लो कीज’ चालू केलं की बटण ठरावीक वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही, ओझरता स्पर्श वाया जातो. ही वेळ एकदम जास्त ठेवू नका, माणूस वैतागतो. आणि ‘स्टिकी कीज’ तर हवंच. शिफ्ट एकदा दाबून सोडायची, मग अक्षर दाबायचं, दोन्ही हात एका वेळी लागत नाहीत. वाईच्या बाईंना वर लिहिलं आहे की मराठीत शिफ्ट किती वेळा लागते. तुमच्या वडिलांना ‘आज’ लिहायलासुद्धा लागेल, आणि डायरी तिथूनच सुरू होते.

अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये फिजिकल कीबोर्डाच्या पानावर स्टिकी कीज आहे आणि ‘बाउन्स कीज’ही. हे बाउन्स कीज म्हणजे तेच बटण लगेच दुसऱ्यांदा दाबलं गेलं तर फोन ते मोजत नाही. इंग्रजीत याचा त्रास होतो, त्यांना एकच अक्षर लागोपाठ दोनदा सारखं लागतं. मराठीत क्वचितच. ‘चिठ्ठी’त दोन ठ असले तरी मध्ये हलन्त येतो, ‘बाबा’त मध्ये काना येतो. ससा, पपई आणि ननंद लिहिताना तेवढं थांबावं लागेल.

बोलून लिहायची सोय आहे, तीही ठेवा. पण डायरी मोठ्याने बोलून लिहायची वस्तू नाही, विशेषतः घर भरलेलं असताना. त्यांना कीबोर्ड हवासा वाटत असेल तर त्याचं एक कारण हेही असेल.

मी श्टुटगार्टला राहतो. इथे मिळतात ते सगळे कीबोर्ड जर्मन. टॅबवर मराठी लिहायला भारतातून कीबोर्ड मागवू का? — एक वाचक

मागवू नका, उलट जर्मन आपल्याला सोयीचाच पडतो. वर म्हटलं तसं, कीबोर्ड फक्त जागा कळवतो; बटणावर काय छापलं आहे याच्याशी मराठीचा संबंध नाही. मराठी रचना निवडलीत की दोन टिंबांच्या ‘ओ’वर च येईल, दोन टिंबांच्या ‘ए’वर ट, दोन टिंबांच्या ‘यू’वर ड. जर्मनांनी ‘वाय’ आणि ‘झेड’ची अदलाबदल केली आहे, तेव्हा ब तुम्हाला ‘झेड’ छापलेल्या बटणावर सापडेल. ऑची मात्रा एंटरला चिकटून असलेल्या, ‘#’ हे चिन्ह छापलेल्या बटणावर. ही त्यांची जास्तीची अक्षरं असल्यामुळे जर्मन कारखानदाराला उजवा काठ छाटता येत नाही. त्यांची डावी शिफ्ट आखूड असते, कारण शेजारी एक जादा बटण असतं. उजवी बहुधा लांब असते. आपल्याला उजवी लांबच हवी. बटणांवर काय छापलंय ते बघत बसलात तर मात्र वेड लागेल, म्हणून भिंतीवरचा तक्ता तुम्हीही करा.

एमपीएससीची तयारी करतोय, पुण्यात कॉट बेसिसवर राहतो. नोट्स काढायला मेकॅनिकल कीबोर्ड घेऊ का? रंगीत लाइटवाला बघून ठेवलाय. — पुणे

खोलीत आणखी किती जण झोपतात ते लिहिलं नाहीस. टकटक आवाजाचा मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा वेगळा स्विच असलेला, घेतलास तर ते तुला लिहून कळवतील. रंगीत दिवे फोनची बॅटरी पितात, कारण वायरवाला कीबोर्ड वीज फोनकडूनच घेतो. साधा घे. आणि मुख्य परीक्षेचे वर्णनात्मक पेपर हाताने लिहायचे आहेत. नोट्स टाइप करून हाताची सवय मोडू नकोस.

ब्लूटूथ घ्यावा की छोटा रिसीव्हर लावायचा असतो तो? आणि सेलवाला की चार्जिंगवाला? — दोन-तीन पत्रांत

फोनसाठी ब्लूटूथ. रिसीव्हरवाल्याला ओटीजी लागतो, म्हणजे चार्जिंगचं भोक अडतं, आणि तो नखाएवढा रिसीव्हर सोफ्याच्या फटीत गेला की कीबोर्ड फळीच्या भावाचा. जोडताना फोन बऱ्याचदा आकडा दाखवतो. तो कीबोर्डावर टाइप करून एंटर मारायचा असतो, फोनवर नाही. पुष्कळांची गाडी इथेच थांबते.

सेल की चार्जिंग, तर मी सेलवाली. लॉजिटेकचा के ३८० दोन ट्रिपल ए सेलवर चालतो, फोन, टॅब आणि लॅपटॉप असे तीन जोडून बटणाने अदलाबदल करता येते. असले सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. आतल्या बॅटरीचा कीबोर्ड दोन-तीन वर्षांनी बसला की ती बॅटरी बदलून देणारा शोधत फिरावं लागतं. त्या के ३८० ची बटणं गोल आहेत, ती मला आवडत नाहीत, बोटाला बटणाची कड लागत नाही. पण ही आवड माझी. तुम्ही ‘डॉक्टर’ आणि ‘आई’ लिहून बघा.

वायरवाला कीबोर्ड फोनला लावला की दहा मिनिटांनी बंद पडतो. बदलून आणला, तोही तसाच. — चिपळूण

कीबोर्ड चांगला आहे, दोन्ही चांगले होते. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजीचा स्विच सेटिंग्जमध्ये वेगळा असतो आणि थोडा वेळ वापर झाला नाही की फोन तो स्वतःच बंद करतो. सेटिंग्जच्या शोधात ‘ओटीजी’ टाका, स्विच सापडेल, पुन्हा चालू करा. लिहिता लिहिता विचार करायला थांबायची सवय असेल तर हा प्रकार रोज होईल. त्यापेक्षा ब्लूटूथवाला घ्या. चिपळूणच्या पावसाळ्यात तो उघड्यावर ठेवू नका, काम झालं की सेल काढून डब्यात टाका. दमट हवेत सेल पाझरला की आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात, आणि त्या घासून काढायला सँडपेपर नव्हे, खोडरबर वापरा.